रस्त्याचं पान लिहायचं राहिलं

सोमवार, ३ तारीख

नवं घर, नवी वही, नवं पेन. जुनी काय ती मीच. सामान लावून झालं, म्हणजे खोकी भिंतीला लावून झाली. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. बाहेरची खोली, तिच्या डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला आतली खोली, आणि आतल्या खोलीतून न्हाणीघर. एकट्या बाईला पुरावं आणि पाहुण्याला मुक्कामाचा धीर होऊ नये, असं बेताचं घर. मला असंच हवं होतं.

खरं कारण इथे लिहून ठेवते, कारण लोकांना मी भलतंच सांगत सुटले आहे. ताईचं हॉस्पिटल इथून दोन गल्ल्यांवर आहे. वीस तारखेला सकाळी आठ वाजता तिच्या हृदयाची झडप बदलणार आहेत. ताईने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नाही, आणि मागितलं असतं तर मी दिलं असतं असंही नाही. या वेळी तिने एकच सांगितलंय: मला आत नेतील तेव्हा तू समोर हवीस, बाकी काही नको, फूलबिल आणू नकोस. भावोजी गेले त्या दिवशी मी पोचले नव्हते. मी लेख पुरा करत बसले होते. लेख ताईवरच होता, हे तिला पुढच्या रविवारी पेपर उघडल्यावर कळलं. त्यानंतर सहा वर्षं आम्ही दोघी हवापाण्यापलीकडे काही बोललो नाही. तेव्हा वीस तारखेला मी समोर असणार. आभाळ कोसळलं तरी.

लेखांचं म्हणाल तर तेही आटोपलं. ‘चिमटा’ हे माझं सदर एकोणीस वर्षं चाललं. गेल्या महिन्यात संपादकांनी मला कुंडीतलं एक रोप दिलं आणि सदर बंद केलं. रोप पहिल्याच आठवड्यात गेलं. सदर त्यापेक्षा चिवट होतं. भाचीचं, म्हणजे ताईच्या लेकीचं, म्हणणं असं की मावशी, कुढत काय बसतेस, स्वतःची वेबसाइट काढ, बटण लावण्याइतकं सोपं असतं. मला बटणही लावता येत नाही, हे तिला ठाऊक नाही.

घरमालकीणबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. केस इतके काळे की शाईने ओशाळावं. किल्ली देताना म्हणाल्या, आधीच्या भाडेकरू बाई फार शांत होत्या हो. इतक्या शांत की गेल्या कधी तेच कळलं नाही, सामानसुद्धा इथेच. त्यातली एक वेताची खुर्ची मी ठेवून घेतली. बाहेरच्या दारावर आतून कोणीतरी पेन्सिलीने फुली-गोळ्याची चौकट काढली आहे: दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. एक फुली नाही, एक गोळा नाही. खेळायला जोडीदार मिळाला नसावा. पुसली नाही. असू दे, सोबत.

बुधवार, ५ तारीख

वेबसाइटच्या क्लासला जाऊन आले. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, सहा संगणक, त्यांतले चार जिवंत. शिकवणारा मुलगा तिशीच्या आतला, पण आम्ही त्याला मास्तर म्हणतो, कारण तो आम्हाला पहिलीतल्या पोरांसारखं वागवतो. माझ्या बाकावर नुकतेच निवृत्त झालेले एक पोस्टमन आणि एक शिंपीणबाई. तिघांचं मिळून वय एखाद्या स्मारकाएवढं होईल.

मास्तरांची एक रीत आहे, आणि ती त्यांनी स्वतः शोधल्यामुळे पोटच्या पोरासारखी जपली आहे. पहिली साइट प्रत्येकाने स्वतःच्या घराची करायची. पान म्हणजे खोली, लिंक म्हणजे दार. टेप घेऊन घर मोजायचं, कागदावर मांडायचं, मग यंत्राला समजेल अशा कोडमध्ये लिहायचं. तुम्ही जे लिहाल तेच पानावर असतं, असं ते म्हणाले. न लिहिलेली खिडकी म्हणजे नसलेली खिडकी. यंत्र काहीही गृहीत धरत नाही, त्याला सगळं सांगावं लागतं. शिंपीणबाई म्हणाल्या, मग आमच्या ह्यांच्यासारखंच आहे की.

दारांचा नियम मात्र मास्तरांनी तीनदा सांगितला. प्रत्येक दाराला ते कुठे उघडतं हे सांगितलं पाहिजे. ठरलं नसेल तर तात्पुरतं एक चिन्ह टाकायचं, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांचं. मास्तर त्याला जाळी म्हणतात. जाळीचा अर्थ असा की दार दिसतं, ढकलताही येतं, पण ढकलणारा आहे त्याच खोलीत राहतो. साइट लोकांसमोर ठेवण्याआधी प्रत्येक जाळी काढायची, असं फळ्यावर लिहून त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या. मी वहीत उतरवून घेतलं. शाळेतही मी सगळं उतरवून घ्यायचे. नापास व्हायचे ती कारणं वेगळी.

चिन्ह कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं.

शनिवार, ८ तारीख

आज घर मोजलं. भाचीने टेपचं दुसरं टोक धरलं. तिच्याबरोबर लिफ्टने ताईही आली होती, सावकाश, दर चार पावलांना भिंतीशी सल्लामसलत करत. मोजायला फार काही उरलंच नव्हतं. प्रत्येक चौकटीवर कोणीतरी आधीच पेन्सिलीने मापं लिहून ठेवलेली होती. आधीच्या बाईही भलत्याच नेटक्या असाव्यात. भाची म्हणाली, मावशी, कॉपी कर, तुला तेवढं जमेल.

ताईने बसण्याआधी वेताच्या खुर्चीवरची उशी उलटी केली आणि मग बसली. कुठेही गेली तरी करते, कळायला लागल्यापासून. माझ्या त्या लेखातली सगळ्यात गाजलेली ओळ याच सवयीवर होती: ताईला दुसऱ्याची ऊबसुद्धा उष्टी वाटते. लोकांनी पत्रं पाठवली होती. शेवटी अर्थातच ‘ही थट्टा नाही’. चिमट्याचा प्रत्येक लेख मी याच तीन शब्दांनी संपवायचे, आणि वाचक तिथेच सर्वांत जास्त हसायचे.

ताईने विचारलं, साइटवर तो लेख घालणार का. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, घाल की, लोकांना आवडतो ना. चेहरा अगदी सरळ होता. माझ्या धंद्यात इतकी वर्षं काढूनही मला सरळ चेहऱ्याचं काय करायचं ते कळत नाही. जाताना मात्र तिने परत विचारलं, वीस तारखेला येशील ना. मी म्हटलं, दोन गल्ल्या तर आहेत, न यायला काय झालं.

मंगळवार, ११ तारीख

तीन दिवस कोड लिहितेय. पाठ धरली आहे, पण मजा येतेय. एक कंस विसरला की सगळं घर कलंडतं, आणि तो सापडला की आपणच ते बांधल्यासारखं वाटतं. भिंतींचा रंग निवडायला वीस मिनिटं घालवली. फिकट बदामी. रंगाला काही चव नाही, पण माझ्या शब्दांना असल्यामुळे चालून जाईल.

बाहेरच्या खोलीत लिहिलं: एक वेताची खुर्ची, एक उशी. स्वयंपाकघरात: एक चहाचा डबा, बिस्किटांचे चार पुडे, एक नळ, जो गळतो. आतल्या खोलीत: एक पलंग, एक टेबल, आणि टेबलावर माझे निवडक चिमटे. ताईवरचा पहिला. भाची म्हणाली होती, तो तेवढा नको घालू गं. पण चांगला लेख हा चांगला लेख. त्याच्यावर रुसून बसायला मी काय नातेवाईक आहे?

आतल्या दारांना लिंका दिल्या. स्वयंपाकघराचं दार स्वयंपाकघरात उघडतं, न्हाणीघराचं न्हाणीघरात. ही गोष्ट पहिल्यांदा घडताना पाहिली तेव्हा मी एकटीच हसले. राहिलं बाहेरचं दार. त्याच्यापलीकडे रस्त्याचं पान हवं. लिहायला बसले तर आठवेना. आठ दिवस झाले इथे येऊन, आणि रस्त्याचं मी काय पाहिलं? ज्याच्यावर काही खवचट सुचलं तेवढंच. तूर्त जाळी टाकली. नंतर लिहीन.

शुक्रवार, १४ तारीख

साइट चढवली, म्हणजे लोकांसमोर ठेवली. मास्तरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. पोस्टमनकाकांच्या साइटला बारा दारं, सगळी कुठे ना कुठे उघडणारी. म्हणाले, जन्मभर दारं पाहिली, आणखी काय येतं आम्हाला. पानाच्या तळाशी पाहुण्यांची संख्या दाखवणारा एक आकडा असतो. घरी येऊन पाहिला. एक. तो मास्तर. मग दोन. ती भाची असणार. एकोणीस वर्षं हजारोंनी वाचलं, पण हे दोघं आल्याचा आनंद वेगळाच होता.

खुर्चीवरची उशी मध्ये खोलगट झाली होती. मी तर पलंगावर बसून आकडा बघत होते. झटकून सारखी केली.

आता आठवलं, बाहेरच्या दाराची जाळी तशीच राहिली. सोमवारी बघू.

शनिवार, १५ तारीख

ब्रेड आणायला निघाले. दार उघडलं, पाऊल बाहेर टाकलं आणि बाहेरच्या खोलीत आले.

पहिल्यांदा वाटलं, काहीतरी विसरले म्हणून परत फिरले असेन. या वयाला असं खपून जातं. पिशवी घेऊन पुन्हा गेले. पुन्हा बाहेरच्या खोलीत, हातात पिशवी. तिसऱ्यांदा उलटी चालत गेले, जणू दाराला फसवता येतं. चौथ्यांदा उंबऱ्यावर उभी राहून नुसतं पाहिलं. समोर जिना नव्हता. समोर माझी वेताची खुर्ची होती, माझी खोकी होती, आणि त्या खोलीच्या दारात माझ्याकडे पाठ करून एक बाई उभी होती. मी हात वर केला. तिनेही केला. त्यानंतर मी तसं पाहिलं नाही.

खिडक्या मी लिहिल्या नव्हत्या. भिंतीत चौकटी आहेत, पण पलीकडे गल्ली नाही, आभाळ नाही. फिकट बदामी. सकाळपासून तोच उजेड आहे, चढत नाही की उतरत नाही. विजेचे बोर्डही लिहिले नव्हते; भिंतीवर नुसते पांढरे ठिपके आहेत, त्यात काही खुपसता येत नाही. बॅटरी: लॅपटॉप एकसष्ट टक्के, फोन सत्तर. साखर लिहायची राहिली होती. बिनसाखरेचा चहा पिऊन हे लिहितेय.

फोन लागतो. ताईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हे आता कोणत्या लेखासाठी.

रविवार, १६ तारीख

मास्तरांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, असं सगळ्यांना वाटतं सुरुवातीला, डोळ्यांना विश्रांती द्या. मी म्हटलं, जाळी काढू कशी ते सांगा. सोपं आहे म्हणाले, जाळीच्या जागी पानाचं नाव लिहा आणि पुन्हा चढवा. लिहिलं: रस्ता. चढवलं. दार उघडलं.

काहीच नव्हतं. अंधार नव्हता, भिंत नव्हती. उंबरा होता, आणि उंबऱ्यानंतरचं होत नव्हतं. एक चप्पल टाकली. पडल्याचा आवाज आला नाही. मग लक्षात आलं, नाव दिलं, पण त्या नावाचं पान कुठे लिहिलंय मी.

दुपारी भाची आली. तिच्याकडे दुसरी किल्ली आहे. तिने खालून फोन केला, मी म्हटलं वर ये, मी इथेच आहे. फोनवरच तिने कुलूप काढल्याचं ऐकू आलं. माझ्या दाराचं कुलूप हललं नाही. ती म्हणाली, मावशी, तू नाहीस इथे. मी म्हटलं, मी बाहेरच्या खोलीत उभी आहे, खुर्चीजवळ. ती म्हणाली, मीही खुर्चीजवळ उभी आहे.

मग ती रडायला लागली, रागाने. म्हणाली, पळून जायचं असेल तर सरळ सांग ना, ही नाटकं कशाला, आईला मी काय सांगू. मी शपथ घेतली. ती म्हणाली, तुझ्या शपथा मी पेपरात वाचल्यात. शेवटी एवढंच म्हणाली की गुरुवारी आत नेण्याआधी मी आईला माझ्या फोनवर तुझी साइट उघडून दाखवेन, तेवढी तरी समोर असशील.

सोमवार, १७ तारीख

रस्त्याचं पान लिहायलाच हवं. मास्तरांनी दिलेला पानाचा तयार सांगाडा उचलला आणि त्यात आठवेल ते भरलं. जिना. घरमालकीणबाई: शाईहून काळे केस, बदकासारखी चाल, तोंडी एकच वाक्य. कोपऱ्यावरचा दुकानदार: पोट. अकरा ओळी झाल्या. आणखी सुचेना. समीक्षक माझ्याबद्दल लिहायचे, चार फटकाऱ्यांत माणूस उभा करते.

चढवलं. दार उघडलं. जिना होता. देवा, जिना होता. धावत उतरले.

दुसऱ्या मजल्यावर घरमालकीणबाई उभ्या होत्या. केस होते. चाल होती, उभ्या असूनही चालत होत्या. केसांखाली चेहरा नव्हता, कारण तो मी लिहिला नव्हता. त्या म्हणाल्या, फार शांत होत्या हो. मी म्हटलं, बाई, बाजूला व्हा. त्या म्हणाल्या, फार शांत होत्या हो. त्यांच्या पलीकडे कोपऱ्यावर एक पोट. त्याच्या पलीकडे बदामी.

परत वर आले. येताना त्या चार वेळा तेच म्हणाल्या.

ताईला फोन लावला तर हातातलाच फोन वाजला. माझंच नाव, माझाच नंबर. मास्तर, भाची, सगळ्यांचं तेच. मेल पाठवली ती मलाच आली. शोधून काढलं: सांगाड्याच्या तळाशी ‘संपर्क’ अशी एक ओळ होती. तिच्यापुढे जाळी. मी न बघता चढवली. फोनची लिंक कशी द्यायची तो धडा आजचा होता. आजचा तास बुडला.

बाहेरच्या दारावरची चौकट बोटाने पुसून पाहिली. तो खेळ नव्हता.

मंगळवार, १८ तारीख

मुख्य पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मी माझ्या घरात अडकले आहे, माझ्या बहिणीला कळवा, ही थट्टा नाही.

चढवल्यावर वाचलं तेव्हा कळलं.

आकडा वाढतोय. नऊ होता, आता चाळीस. कोणीतरी हे एकमेकांना पाठवतंय. चिमटेबाई परत आल्या म्हणून हसत असतील. आकडा वाढला की उशी खोलगट होते. मग आतल्या खोलीचं दार आपोआप उघडतं, थोड्या वेळाने मिटतं. कधी स्वयंपाकघराचं. लेख वाचतात, डबा बघतात, जातात. ओरडले. एकाचंही दार थबकलं नाही.

लॅपटॉप तेरा टक्के.

एक सुचलं. दार कुठेही उघडू शकतं, रस्ता मधे लागतोच असं नाही. थेट ताईकडेच का नाही? हॉस्पिटलची खोली, तीत ताई. बाहेरच्या दारावर नाव लिहायचं: ताई. पान घाईने भरलं. अठरा ओळी. बघितलं तर पंधरा त्या लेखातल्या.

चढवलं. उघडलं.

खाट. भिंतीवर घड्याळ. खाटेवर पाठमोरी ताई. चमचे मोजत होती, कारण मी लिहिलं होतं की पाहुणे गेल्यावर ती चमचे मोजते. हाक मारली. नाकातून म्हणाली, एक कमी आहे. मग वळली.

नाकावर मी पुष्कळ लिहिलं होतं. म्हणून नाक होतं. बाकी नव्हतं.

उठली. मोजत मोजत दाराकडे यायला लागली. एक, दोन, तीन. मी दार लोटलं.

त्या पानावर परत येणारं दार मी लिहिलेलं नाही. विसरभोळेपणाने जन्मात पहिल्यांदा वाचवलं. ती उघडू शकत नाही. फक्त या बाजूने उघडतं.

पलीकडे मोजतेय. थांबत नाही.

बुधवार, १९ तारीख

ते पान काढलं पाहिजे. नऊ टक्के. नुसतं काढलं तर पुन्हा उंबऱ्यानंतर काही नाही. म्हणून त्याच नावाने खरी ताई लिहायची ठरवली. पूर्ण. मग चढवायची.

डोळे कोणत्या रंगाचे? आठवत नाहीत. कपाळावर खूण आहे की आईच्या होती? हसते कशी? मी तिला हसवलं कधी? लोकांना हसवलं, तिच्यावर.

एक आठवलं. तासभर बसल्यावर. मी सहा वर्षांची, ती दहाची. मी तिच्या खुर्चीवरच्या उशीत टाचण्या टोचून ठेवायचे. रोज. टोकं वर. ती ओरडायची नाही, कारण मला मार बसला असता. म्हणून ती आधी उशी उलटी करायला शिकली. म्हणून अजून करते.

उष्टी ऊब म्हणे.

हे लिहिलं. पहिली खरी ओळ. चढवायला गेले. अर्ध्यावर पडदा काळा. लॅपटॉप गेला. फोन सकाळीच गेला होता.

आता वही आणि पेन.

म्हणजे साइटवर जुनंच पान आहे. दारावर नाव आहे: ताई.

उद्या सकाळी भाची तिच्या हातात फोन देईल. पानावर स्वतःचं नाव दिसलं तर कोण दाबणार नाही—

गुरुवार, २०. मनगटावरच्या घड्याळात साडेसात

दारासमोर पलंग ओढायला गेले. हलत नाही. जिथे लिहिला तिथेच.

दाराला पाठ लावून बसलेय. पलीकडे तेवीस, चोवीस. एक कमी आहे. पुन्हा एकपासून.

सात पस्तीस

उशी खोलगट. आतलं दार उघडलं, मिटलं. कोणी परका. गेला.

सात चाळीस

उशी हलली.

उलटी झाली. आपोआप. अगदी सावकाश. मग खोलगट झाली.

ताई.

ताई, मी समोर आहे. चार पावलांवर. तू म्हणालीस तशी. आलेय मी—

ओरडले. घसा गेला. उशी तशीच. तिला खुर्ची दिसत असेल, मी नाही. मी स्वतःला कुठे लिहिलंय.

आतल्या खोलीचं दार उघडलं. टेबल. लेख. पहिला तोच—

बराच वेळ उघडं आहे.

मिटलं. उशी अजून खोलगट. गेली नाही. ताई, जा, आठ वाजत आले, तुला आत नेतील, जा ना—

ओरडून पोचत नाही म्हणून लिहितेय. एका हाताने. दुसऱ्याने कडी धरलीय. माझं लिहिलेलं तू नेहमी वाचतेस. हेही—

टाचण्या मी ठेवायचे, ताई. हे मला लिहायचं होतं, हे, ते दुसरं नाही—

कडी फिरतेय. माझ्या हातात. मी फिरवत नाही.

पलीकडे मोजणं थांबलं.

ताई, ते दार नको. ती तू नाहीस. ती मी लिहि